राजदरबारातलं गाणं तिकीट लावून लोकांसमोर आणणारे पलुसकर बुवा

आज सवाई गंधर्व महोत्सवाचं तिकीट कुणीही काढतं आणि भारतीय बैठकीवर जाऊन बसतं. पण सव्वाशे वर्षांपूर्वी शास्त्रीय गाणं ऐकायचं तर एकतर तुम्ही संस्थानिक हवे होतात, नाहीतर त्यांच्या ओळखीतले. बाकीच्यांच्या वाट्याला देवळातलं जे कानावर पडेल ते.

हे चित्र बदलण्यात सगळ्यात मोठा वाटा होता पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचा.

जन्म 18 ऑगस्ट 1872, गाव कुरुंदवाड. वडील कीर्तनकार. समोरचा माणूस उठून गेला की कीर्तन संपलं, हे त्यांनी घरातच पाहिलं होतं. लहानपणी दत्तजयंतीला फटाका तोंडाजवळ फुटला आणि दृष्टी अधू झाली. शाळा सुटली. मग मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला धाडलं. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे ते हेच बुवा.

मिरजेत एक गोष्ट घडली असं सांगतात. गावातल्या एका समारंभाचं आमंत्रण विष्णूला आलं, कारण त्याच्यावर राजाची मर्जी होती. गुरूंना मात्र आलं नाही. का, तर ते पडले गवई! गाण्याला वाहवा आणि गाणाऱ्याला उंबऱ्याबाहेर, हा त्या काळचा हिशोबच होता.

1896 मध्ये पलुसकरांनी मिरज सोडली. बडोदा करून ते सौराष्ट्रात पोचले आणि तिथे त्यांनी चक्क तिकीट लावून जाहीर मैफल केली. तोवर गवई गायचा तो दरबारात किंवा देवळात. तिकिटामुळे दोन गोष्टी झाल्या. गवई राजाच्या मर्जीतून सुटला आणि दुकानदार, कारकून, मास्तर पहिल्यांदाच हक्काने पुढ्यात येऊन बसले.

पण या नव्या श्रोत्याला गाण्यातलं कळायचं काय? आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे गाणं ही सभ्य घरातली गोष्टच मानली जात नव्हती.

पलुसकरांनी यावर शाळा काढली. 5 मे 1901, लाहोर, गांधर्व महाविद्यालय. राजाश्रय नाही, लोकांच्या देणग्या आणि मैफलींचं उत्पन्न यावर चालणारी. वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा, सगळं रीतसर. स्वतःची स्वरलिपी, 'संगीत बालप्रकाश'सारखी क्रमिक पुस्तकं, 'संगीतामृत प्रवाह' नावाचं मासिक. मुलींनाही शिकवायची सोय. इथे आलेला प्रत्येक जण गवई होणार नव्हता, पण मैफलीत बसला की दाद कुठे द्यायची एवढं त्याला नक्की कळणार होतं.

घरच्यांची भीती घालवायला त्यांनी बंदिशींतले शृंगाराचे शब्द काढून भक्तीचे घातले, मैफलीत भजनं आणली. याची किंमतही होती. ज्या मुसलमान उस्तादांनी आणि कलावंतिणींनी हे गाणं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं, ते या नव्या 'सभ्य' चौकटीत कडेला पडले, अशी टीका अभ्यासक आजही करतात आणि ती खोटी म्हणता येत नाही. पण मध्यमवर्गीय घरात तंबोरा शिरला तो याच वाटेने.

1908 मध्ये मुंबईत शाखा निघाली. इथे पलुसकरांनी मोठं स्वप्न पाहिलं, शाळेची स्वतःची इमारत. निवडक विद्यार्थी वर्षानुवर्षं तिथेच राहायचे आणि संगीत शिक्षक होऊन बाहेर पडायचे. त्यांचं राहणं-जेवण शाळेकडे. पैसा कुठून? कर्ज आणि बुवांचे दौरे. बुवा गावोगाव गायचे, आलेली रक्कम शाळेत घालायचे, व्याज काही हटायचं नाही. शेवटी सावकारांनी इमारत लिलावात काढली.

ज्या माणसाने गाण्याला श्रोता मिळवून दिला, त्याची शाळा त्या श्रोत्यांना वाचवता आली नाही. तिकिटाचे पैसे मैफलीपुरते पुरतात, संस्था त्यावर चालत नाही. आजच्या नाट्यगृहवाल्यांना विचारा.

पुढे बुवा नाशिकला रामनामात रमले. दांडीयात्रेतल्या रामधुनीची चाल त्यांचीच मानली जाते. 21 ऑगस्ट 1931 ला मिरजेत ते गेले.

इमारत गेली तरी शिष्य होते. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. गल्लीतल्या क्लासची पोरं प्रारंभिक, प्रवेशिका, विशारदचे फॉर्म भरतात ना, त्या परीक्षा याच मंडळाच्या.