वसईचा दुभाष्या : संत गोन्सालो गार्सिया

यंदा आम्ही आमच्या विद्यार्थ्यांसह वसईच्या किल्ल्यात एक दिवस जुन्या काळाचा देखावा उभा केला होता. कोणी विहिरीचे पाणी वाहिले, कोणी पाथरवट झाला, कोणी तांडेल, तर कोणी फिरंगी शिपाई. खेळ रंगात आला असता एका मुलाने आम्हांस विचारले की, गोन्सालो गार्सियांचे सोंग घेणाऱ्याने कोणाच्या बाजूस उभे राहावे, फिरंग्यांच्या की गावकऱ्यांच्या? आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. त्या प्रश्नाचे उत्तर या थोर पुरुषाच्या चरित्रातच शोधले पाहिजे.

इ. स. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांस दिली. तेव्हापासून हा मुलूख दोन जगांची सरहद्द बनला. एकीकडे समुद्रापलीकडून आलेले राज्यकर्ते, दुसरीकडे येथील कष्टाळू रयत. अशा या वसईत १५५७ च्या सुमारास गोन्सालोंचा जन्म झाला. पिता पोर्तुगीज, माता येथलीच. उभय रक्तांचा वारसा त्यांस जन्मतःच लाभला. बालपणी येशूसंघीय धर्मगुरूंपाशी त्यांचे शिक्षण झाले.

वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास ते त्या गुरूंसमवेत दूर जपानात गेले. आमच्या शाळेतील वरच्या वर्गातील मुलांचे जे वय, त्या वयात त्यांनी मायभूमी सोडली! जपानी भाषा त्यांनी लवकरच उत्तम आत्मसात केली व सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षणाचे काम निष्ठेने केले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनीषा होती. परंतु ती सफळ झाली नाही. दुसरा कोणी असता तर कडवट होऊन बसता. गोन्सालोंनी व्यापार आरंभिला व त्यात चांगले यश मिळविले. तथापि द्रव्याने त्यांच्या मनाची तृप्ती झाली नाही. पुढे फिलिपाईन्समधील मनिला येथे त्यांनी सर्वस्वाचा त्याग करून फ्रान्सिस्कन संघाची दीक्षा घेतली. धर्मगुरू होऊन नव्हे, तर साधा बंधू म्हणून.

जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५८७ मध्येच धर्मप्रसारकांस देश सोडण्याचा हुकूम दिला होता. अशा स्थितीत १५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरचे वकील म्हणून पेद्रो बाप्तिस्ता तेथे गेले, तेव्हा दुभाष्याचे काम गोन्सालोंकडे आले. दुभाष्याचे काम वरवर हलके दिसते. परंतु दोन परस्परांविषयी साशंक असलेल्या पक्षांमध्ये उभे राहून एकाचे मन दुसऱ्यास कळविणे हे मोठे जोखमीचे असते. पुढे क्योतो येथे या बंधूंनी महारोग्यांसाठी रुग्णालय चालविले. ज्यांस आप्तांनीही दूर लोटले होते, त्यांस तेथे आसरा मिळाला.

१५९६ मध्ये सान फेलिपे नावाचे स्पॅनिश गलबत वादळात सापडून जपानच्या किनाऱ्यास लागले. त्यावरील माल जप्त झाला, वाद वाढला, आणि परकीय धर्मप्रसारक हे स्वारीचे अग्रदूत असावेत, असा संशय बळावला. त्याचे प्रायश्चित्त निरपराध्यांस भोगावे लागले. बंदिवानांचे कान छाटून, कडाक्याच्या थंडीत त्यांस नागासाकीपर्यंत चालविण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर सव्वीस जणांस क्रुसावर देण्यात आले. त्यांत वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोत जन्मलेले आणि एक आमचे वसईकर होते. सर्वांत लहान मुलगा अवघा बारा वर्षांचा होता.

१६२७ मध्ये त्यांस धन्यवादित व १८६२ मध्ये संत म्हणून घोषित करण्यात आले. दरम्यान १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली होती. फिरंग्यांची सत्ता गेली, मंदिरांची छपरे ढासळली, तटावर झाडे वाढली. सरहद्द मिटली, परंतु सरहद्दीवर जन्मलेल्या त्या पुत्राचे नाव मात्र वसईत घरोघरी राहिले.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. बाळांनो, गोन्सालोंचे सोंग घेणाऱ्याने कोणत्याही एका बाजूस उभे राहू नये. त्याने मधोमध, दोघांचेही शब्द ऐकू येतील अशा ठिकाणी उभे राहावे. ती जागा सुरक्षित नसते, हे त्यांच्या मरणावरून दिसतेच. पण दोन घरांमध्ये वा दोन जातींमध्ये जेव्हा बोलणे खुंटते, तेव्हा त्याच जागी कोणीतरी उभे राहावे लागते. पुढील वर्षी किल्ल्यात हा देखावा पुनः होईल, तेव्हा ती जागा आम्ही रिकामी ठेवणार नाही.