अजिनोमोटोचा शोध लावणारे किकुनाए इकेदा कोण होते?

जयसिंगपूर असो की मुंबई, चायनीजच्या गाडीवर अजिनोमोटो नको म्हणणारं कुणीतरी भेटतंच. या पांढऱ्या पावडरमागे एक जपानी प्राध्यापक आहेत.

किकुनाए इकेदा यांचा जन्म १८६४ साली क्योटोत झाला. जर्मनीत शिकून आल्यावर ते टोकियोत रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. कोंबू या समुद्री शेवाळाच्या सूपची चव गोड, आंबट, खारट, कडू यांपैकी कशातच बसत नाही, हे त्यांनी हेरलं. १९०८ मध्ये त्यातून त्यांनी ग्लुटामिक ॲसिड वेगळं केलं आणि चवीला नाव दिलं ‘उमामी’. साधं पण पौष्टिक जेवण लोकांनी आवडीने खावं, ही त्यांची इच्छा होती. १९०९ पासून मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजेच एमएसजी, ‘अजिनोमोटो’ नावाने विकलं जाऊ लागलं. १९३६ मध्ये इकेदा गेले.

वाद पेटला तो नंतर. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका डॉक्टरांच्या पत्रानंतर एमएसजीवर संशय आला. पुढच्या चाचण्यांत मोठ्या मात्रेने काहींना तात्पुरती डोकेदुखी झाली, पण नेहमीच्या प्रमाणात ठोस धोका सिद्ध झाला नाही. २०१५ मध्ये मॅगीवर बंदी आली, तेव्हा शिशाबरोबर एमएसजीच्या लेबलवरूनही वाद होता. मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली.

मग काळजी कशाची? टोमॅटोतही ग्लुटामेट असतंच. पण पाकिटातल्या चटपटीत खाण्यात मीठ भरपूर असतं आणि चवीमुळे ते जास्त खाल्लं जातं. त्यामुळे पाकिटावर ‘६२१’ शोधताना सोडियमचा आकडाही वाचा.