उलट्या टांगलेल्या चर्चचा स्थपती : अंतोनी गौदी

बार्सिलोना येथील साग्रादा फामिलिया, अर्थात पवित्र कुटुंबाचे चर्च, आपणा सर्वांना निदान छायाचित्रांतून परिचित आहे. त्याचे स्थपती अंतोनी गौदी यांना पोप फ्रान्सिस यांनी १४ एप्रिल २०२५ रोजी 'पूजनीय' घोषित केले. त्यांच्या भक्तीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला येथे त्यांच्या दोऱ्यांविषयी सांगावयाचे आहे.

२५ जून १८५२ रोजी काटालोनियातील एका तांबटाच्या घरी गौदी जन्मले. १८७८ साली ते वास्तुविशारद झाले आणि १८८३ साली, आदल्याच वर्षी पायाभरणी झालेल्या या चर्चचे काम त्यांच्याकडे आले.

जुन्या गॉथिक कॅथेड्रलांच्या कमानी भिंतींना बाहेर रेटतात, म्हणून भिंतींना बाहेरून दगडी टेकू द्यावे लागतात. गौदींना ते टेकू कुबड्यांसारखे वाटत. कुबड्यांवाचून चर्च उभे राहावे कसे?

दोन खुंट्यांना सैल बांधलेली माळ आपल्याच भाराने बाक घेते. तिच्यात केवळ ताण असतो. तोच बाक उलटा केला की जी कमान होते, तिच्यात केवळ दाब असतो. आणि दगडविटांना दाब सोसतो, ताण सोसत नाही. हे तत्त्व इंग्लंडच्या रॉबर्ट हूक यांनी सतराव्या शतकातच मांडले होते. गौदींनी ते संपूर्ण चर्चला लावले. बार्सिलोनाजवळील कोलोनिया ग्युएल या गिरणी कामगारांच्या वसाहतीतील चर्चसाठी त्यांनी छताला दोऱ्या टांगल्या आणि जेथे जितका भार यावयाचा, तेथे त्या प्रमाणात शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या लटकविल्या. एक पिशवी हलविली की साऱ्याच दोऱ्या आकार बदलत! या खटाटोपात सुमारे दहा वर्षे गेली. मग त्याचे छायाचित्र उलटे धरले, की चर्च उभे. तेथील खांब तिरपे आहेत ते हौसेखातर नव्हेत. भार ज्या दिशेने उतरतो, त्या दिशेने ते कलले आहेत. १९१४ साली काम थांबले व तळमंदिरच तेवढे झाले. परंतु तेथील धडा साग्रादा फामिलियाच्या वृक्षासारख्या फांद्या फुटलेल्या खांबांत उतरला.

७ जून १९२६ रोजी ट्रामच्या धडकेने गौदी कोसळले. जीर्ण कपड्यांमुळे लोकांना ते भिकारी वाटले. १० जून रोजी गरिबांच्या इस्पितळात त्यांचे निधन झाले. १९३६ च्या यादवीत त्यांची कार्यशाळा जाळली गेली, प्लास्टरचे नमुने फोडले गेले. पुढील स्थपतींनी ते तुकडे जुळवून काम चालू ठेवले. ७ नोव्हेंबर २०१० रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्या चर्चचे समर्पण केले, तेव्हा त्याच्या भिंतींना बाहेरून एकही कुबडी नव्हती.