रंग पक्का करणारे प्रोफेसर

कंपोझिट मटेरियल्स शिकताना एक गोष्ट आपण सारखी ऐकतो. फायबर कितीही स्ट्राँग असू दे, रेझिनने त्याला घट्ट धरलं नाही तर सगळं फुकट! ही 'धरून ठेवण्याची' केमिस्ट्री सव्वाशे वर्षांपूर्वी कापसाच्या धाग्यावर शिकवणारे एक प्रोफेसर आपल्याकडे होऊन गेले. त्यांचं नाव त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर.

त्यांचा जन्म १८६३ साली सुरतेला, सुतारकाम जाणणाऱ्या घराण्यात झाला. रसायनशास्त्र शिकून ते बडोद्याच्या कॉलेजात प्रोफेसर झाले. तेव्हा मुंबईच्या गिरण्या जोरात होत्या, पण नवे रंग जर्मनीहून येत आणि ते वापरायचं शास्त्र शिकण्याची इथे फारशी सोय नव्हती. महाराज सयाजीरावांनी १८९० मध्ये बडोद्याला कलाभवन काढलं आणि ते गज्जरांच्या हाती दिलं. तिथे मातृभाषेतून शिकवण्यावर भर होता. इंग्लिश न येणारा कारागीरही केमिस्ट्री शिकू शकतो, हे आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांनी जरा लक्षात घ्यावं. आपले दादासाहेब फाळके याच कलाभवनचे विद्यार्थी.

आता रंगाई म्हणजे काय? कापसाच्या धाग्यावर नैसर्गिक मेणाचा थर असतो, त्यामुळे पाणीसुद्धा नीट आत जात नाही. म्हणून आधी तो सोड्यात उकळायचा. मंजिष्ठेचा लाल रंग तरीही टिकत नाही, म्हणून मध्ये तुरटी. तिच्यातलं अॅल्युमिनियम एका हाताने धागा धरतं, दुसऱ्या हाताने रंग. आज काचेच्या फायबरवर आपण सिलेन लावतो, त्याचं कामही हेच: एक टोक काचेला, दुसरं रेझिनला. ज्यूटच्या फायबरला कॉस्टिक सोड्याने धुतात, तेही याच विचाराने.

पुढे गज्जर मुंबईला आले. १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं होतं. डाग काही केल्या निघेना. संगमरवर सच्छिद्र, डांबर आत मुरलेलं; आणि अॅसिड लावावं तर दगडच विरघळणार! शेवटी तो डाग गज्जरांनी काढला. देशभक्तांनी फासलेलं डांबर एका देशी प्रोफेसरने पुसावं, हे आज वाचताना थोडं टोचतं. पण इंग्रजांचं अडलेलं काम हिंदी माणसाच्या विद्येने झालं, हेही तितकंच खरं.

१९०७ मध्ये त्यांच्या शिष्यांनी, कोटीभास्कर आणि अमीन यांनी, अलेम्बिक हा औषधांचा कारखाना सुरू केला. १९२० मध्ये गज्जर वारले.

चिकटवणं असो की सुटं करणं, निकाल लागतो तो पृष्ठभागावरच्या अगदी पातळ थरात. गज्जर सरांनी तो थर ओळखला, आणि जे ओळखलं ते रंगाऱ्यांपर्यंत पोचवलं. आपण इंजिनीअर होऊन निदान एवढं तरी करू या!