ज्यांच्या नावाचे शिखर नाही

आमच्या आजोबांचे सुपा गाव काळी नदीवरील धरणात बुडाले. तालुका आता जोयडा. सुपा हे नाव धरणाला उरले. म्हणून मला विल्यम लॅम्बटन यांचे चरित्र जवळचे वाटते.

१८०२ मध्ये मद्रासजवळ साखळीने जमीन मोजून त्यांनी भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घातला. त्रिकोणाला त्रिकोण जोडत ते मंगळूरच्या किनाऱ्यापर्यंत आले. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना अर्ध्या टनाचे थिओडोलाइट आपटले. तंबूत बसून सुमारे सहा आठवड्यांत त्यांनी ते स्वतः दुरुस्त केले. हैदराबादहून नागपूरला जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे ते वारले.

पुढे याच सर्वेक्षणात हिमालयाची शिखरे मोजली गेली. सर्वोच्च शिखराला १८६५ मध्ये नाव मिळाले ते त्यांचे मदतनीस एव्हरेस्ट यांचे. तिबेटी लोकांचे चोमोलुंग्मा हे नाव मागे पडले. अंटार्क्टिकावर तर नाव सांगणारे कोणी नव्हतेच. १८४१ मध्ये रॉस यांनी तेथील ज्वालामुखीला आपल्या जहाजाचे, एरेबसचे, नाव दिले. लॅम्बटन यांच्या वाट्याला हिंगणघाटची कबर आली.

नकाशा काढणाऱ्याचे नाव नकाशावर येतेच असे नाही. बुडालेल्या वाड्यांची नावे आजीला विचारून मी वहीत उतरवू लागलो आहे.