शिऊरच्या संत बहिणाबाई

गोदावरीच्या उत्तरेकडील आमच्या या प्रदेशाने महाराष्ट्रास थोर संत दिले. पैठणच्या नाथमहाराजांचे नाव आबालवृद्धांच्या मुखी आहे. परंतु लासूर स्टेशनावर गाडीतून उतरून उत्तरेची वाट धरणाऱ्या किती प्रवाशांस हे ठाऊक असते की, त्या बाजूच्या देवगाव रंगारी व शिऊर या दोन गावी एका असामान्य स्त्रीच्या जीवनाचा आरंभ व शेवट झाला? खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्याहून या बहिणाबाई निराळ्या, आणि सुमारे अडीचशे वर्षे आधीच्या.

बहिणाबाईंचा जन्म 1628 साली देवगावी एका ब्राह्मण कुलकर्णी घराण्यात झाला. पिता आऊदेव, माता जानकी. अगदी बालवयात शिऊरच्या पाठक घराण्यातील तिशीच्या बिजवराशी त्यांचा विवाह लावण्यात आला. पुढे भाऊबंदकी व कर्ज यांच्या जाचाने माहेरचे कुटुंब जावयासह गाव सोडून निघाले. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर असा प्रवास करीत ते कोल्हापुरास स्थिरावले.

तेथे दानात मिळालेल्या गाईच्या वासराचा बहिणाबाईंना अतोनात लळा लागला. जयरामस्वामींच्या कीर्तनासही ते त्यांच्यामागे जाई. गर्दीमुळे वासरास बाहेर काढले, तेव्हा स्वामींनी त्यास आत आणवून दोघांना सन्मानाने बसविले. याची वार्ता गावभर झाली आणि वैदिक पतीचा संताप अनावर होऊन त्यांनी अकरा वर्षांच्या पत्नीस बांधून मारले. थोड्याच दिवसांत ते वासरू गेले. त्या शोकात, अन्नपाण्याची शुद्ध नसता, त्यांना तुकोबारायांचे स्वप्नदर्शन व उपदेश लाभला.

ब्राह्मणाच्या स्त्रीने वाण्याचा व्यवसाय करणाऱ्या कुणब्यास गुरू मानावे, ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती. पती घर सोडून जाण्यास सिद्ध झाले. पण तेच आजारी पडले. बहिणाबाईंनी त्यांची मनोभावे शुश्रूषा केली. त्या आजारात पतीचे मन पालटले आणि सर्व कुटुंब देहूस आले. तेथे मंबाजीने त्यांचा छळ मांडिला, गाय नेऊन तिला मारले. तरी तुकोबांचे कीर्तन त्यांनी सोडिले नाही. बहिणाबाईंनी संसारही टाकिला नाही. पतिसेवा व हरिभक्ती यांची सांगड कशी घालावी, या प्रश्नाशी त्या आयुष्यभर झगडल्या आणि स्त्रीजन्माचे दुःख त्यांनी आपल्या अभंगांत निर्भयपणे सांगितले. मराठीतील प्रारंभीच्या आत्मचरित्रांत त्यांच्या आत्मपर अभंगांना मानाचे स्थान आहे.

त्यांचे दुसरे मोठे कार्य म्हणजे वज्रसूची या संस्कृत ग्रंथाचे मराठी अभंगरूप. ब्राह्मण कोणास म्हणावे, हा त्या ग्रंथाचा प्रश्न. देह, जन्म, वर्ण, विद्या, कर्म यांपैकी एकेकाची परीक्षा करून, ब्रह्म जाणणारा तोच ब्राह्मण, असा निर्णय तेथे दिला आहे. ज्या कुळात जन्मल्या, त्या कुळाच्या अभिमानासच त्यांनी ही कसोटी लाविली.

1700 साली वयाच्या 72 व्या वर्षी शिऊर येथे त्यांनी देह ठेविला. अंतकाळी पुत्र विठ्ठल यास जवळ बोलावून त्यांनी आपल्या मागील बारा जन्मांची कथा सांगितली, असे त्यांची गाथा सांगते. 1929 साली जस्टिन अॅबट यांनी या गाथेचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि आमच्या या खेड्यातील वाणी परदेशी वाचकांपर्यंत पोहोचली.

ज्ञातीच्या या अंकात बहिणाबाईंचे चरित्र देताना आम्हांस थोडा संकोच वाटतो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. अशा अंकांत आपण कुळे मोजतो, गुणवंतांच्या याद्या देतो, ज्ञातीचा गौरव गातो. आमच्या शेजारच्या या माउलीने मात्र गुरू निवडताना ज्ञाती पाहिली नाही. एकमेकांस साहाय्य करण्यासाठी ज्ञातिबांधवांनी एकत्र यावे, हे योग्यच. परंतु परक्याचे थोरपण ओळखताना ज्ञाती आड येऊ लागली, तर ते ऐक्य व्यर्थ होय. ज्ञातिबांधवांनी व विशेषतः भगिनींनी शिऊरच्या समाधीचे दर्शन एकदा अवश्य घ्यावे आणि घरी परतल्यावर गाथा उघडावी, एवढीच आमची विनंती आहे.