शिकवणीपासून मिलिंदपर्यंत : शिक्षक डॉ. बाबासाहेब आंबेडकर



जून महिना आला की आपल्या छत्रपती संभाजीनगरात शिकवणी वर्गांच्या पाट्या अधिकच डोळ्यांत भरतात. वाणिज्य, गणित, इंग्रजी संभाषण, तबला, हार्मोनियम; ज्याला जे हवे ते शिकवणारा कोणीतरी भेटतो. पालक शुल्काची जुळवाजुळव करीत असतात आणि ज्यांची जुळत नाही ती मुले पाटी वाचून पुढे जातात. अशा वेळी आम्हांस एका शिक्षकाची आठवण होते. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून सारे जग त्यांना ओळखते. परंतु पोटासाठी त्यांनी शिकवण्या केल्या होत्या, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत शिक्षक होते आणि तेच भीमरावांचे पहिले गुरू ठरले. साताऱ्याच्या शाळेत या मुलास वेगळे, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. पुढे मुंबईत परळच्या चाळीतील लहानशा खोलीत वडील त्यांना अपरात्री उठवून अभ्यासास बसवीत. संस्कृत शिकण्याची इच्छा होती. पण जातीमुळे ते दार बंद झाले आणि त्यांनी फारसी घेतली.

याच काळात त्यांना कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक व लेखक भेटले. बागेत एकटाच वाचत बसणारा मुलगा पाहून त्यांनी त्याची चौकशी केली, त्याला पुस्तके दिली आणि पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळण्यास साहाय्य केले. एक दैनिक किंवा मासिक शुल्क न घेता कोणी आपणांस शिकवले, ही गोष्ट भीमराव विसरले नाहीत, असे त्यांचे पुढील आयुष्य पाहता आम्हांस वाटते.

१९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तेथून लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बडोदा संस्थानच्या नोकरीत त्यांना कार्यालयात अवहेलना आणि शहरात बेघरपण सोसावे लागले. मुंबईस परत आल्यावर एवढ्या उच्चशिक्षित माणसाने घर चालविण्यासाठी खाजगी शिकवण्या धरल्या. गुंतवणुकीविषयी व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसायही सुरू केला. परंतु सल्लागाराची जात कळताच ग्राहक येईनासे झाले.

१९१८ च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांची व्याख्याने ऐकण्यास अन्य महाविद्यालयांतील विद्यार्थीही येत. तरीही अध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातील पाणी त्यांनी घेण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. साताऱ्याचा नळ आणि मुंबईचा माठ यांत फारसे अंतर नव्हते. वेतनातून काटकसरीने पैसे साठवून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका मित्राचे कर्ज घेऊन १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले व अपुरे शिक्षण त्यांनी पूर्ण केले.

१९२३ साली परतल्यावर त्यांनी वकिली आरंभिली, पण तेवढ्यावर भागत नव्हते. म्हणून १९२५ ते १९२८ या काळात मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी प्रशिक्षण संस्थेत ते अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवीत. हिशेबनीस होऊ पाहणाऱ्या तरुणांचा तो खाजगी वर्ग होता. म्हणजे आज ज्याला आपण कोचिंग क्लास म्हणतो, तसल्याच वर्गात हे थोर पुरुष फळ्यापुढे उभे राहिले आहेत. पुढे ते शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले.

शिकवणीचे मोल त्यांना ठाऊक होते. तसेच ते मोल न परवडणाऱ्यांची व्यथाही ठाऊक होती. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, तेव्हा तेथे सकाळचे वर्ग ठेवले. दिवसा नोकरी करणाऱ्या गरीब तरुणाला वर्गाची वेळ जुळत नसेल, तर वर्गानेच त्याच्या वेळेशी जुळवून घ्यावे, असा त्यामागील विचार होता.

त्यानंतर त्यांची दृष्टी आपल्या शहराकडे वळली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता आणि पदवीपर्यंत शिकायचे तर बहुतेकांना हैदराबादची वाट धरावी लागे. १९५० च्या जूनमध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. नागसेन भिक्षूला प्रश्न विचारणाऱ्या ग्रीक राजाचे, मिलिंदाचे नाव पुढे या महाविद्यालयाला मिळाले आणि परिसर नागसेनवन झाला. प्रश्न विचारणारा विद्यार्थी आणि उत्तर देण्याचे सामर्थ्य असलेला गुरू, असा त्या नावांचा जोड अर्थ. बाबासाहेब येथे येऊन राहत आणि बांधकामावर स्वतः देखरेख करीत. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्या काळात खेड्यापाड्यांतून आलेली सर्व जातींची मुले येथे शिकली. मराठी दलित साहित्याच्या घडणीत मिलिंदचा वाटा मोठा आहे.

आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. उतारवयात, प्रकृती ढासळत असतानाही, बाबासाहेबांनी व्हायोलिन शिकण्यासाठी शिक्षकाची शिकवणी लावली. हजारोंना शिकविणारा हा माणूस पुन्हा विद्यार्थी होऊन बसला. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

वाचकहो, शिकवणीचे शुल्क घेणे हा दोष नव्हे. बाबासाहेबांनीही ते घेतले आणि त्यावर घर चालविले. परंतु शिकविणे हा व्यवसाय असला तरी ते पाचारणही आहे. आपल्यापैकी जे शिकवणी घेतात, त्यांनी पाटी वाचून पुढे जाणाऱ्या एखाद्या मुलास हाक मारावी, त्याला आत बसवावे. बागेतील एका मुलाची केळुसकरांनी चौकशी केली, त्याचे फळ आपल्या शहरात नागसेनवनाच्या रूपाने उभे आहे.